खुणेचा बोल्ट

सात रस्त्याजवळच्या गॅरेजमधल्या त्या मेस्त्रीचे नाव मी कधी विचारले नाही. मोडनिंबला आजारी बहिणीकडे मला दर आठवड्याला जावे लागे आणि माझी जुनी मोटार महामार्गावर सत्तरच्या वेगाला किंचाळत असे. असे इंजिन फार दिवस टिकणार नव्हते.

“मागच्या ॲक्सलमधली क्राऊन-पिनियनची, म्हंजी दातेरी चाकांची जोडी बदलू. त्याच वेगाला इंजिन कमी फिरंल,” तो म्हणाला. बोलताना तो माझ्याकडे पाहत नसे. चिंधीने एकेक बोट पुसत राही. नजरेला नजर न देणाऱ्या माणसाचा मला संशय येतो. म्हणून ॲक्सलच्या एका बोल्टपासून त्याच्या लोखंडी पेटीपर्यंत मी पत्नीच्या नेलपॉलिशची बारीक रेघ ओढून ठेवली; बोल्ट काढला तर ती पुन्हा जुळणे कठीण.

तिसऱ्या दिवशी गाडी न्यायला गेलो, तर रेघ तंतोतंत जुळलेली होती.

“ॲक्सल तुम्ही उघडलेलाच नाही,” मी म्हणालो.

त्याने एक चाक जॅकवर उचलले आणि खडू माझ्या हाती दिला. “इंजिनाकडनं ॲक्सलला येणाऱ्या शाफ्टवर खूण करा, सायेब. चाक मी फिरवतो, मोजा तुमी.”

चाकाच्या दोन फेऱ्यांत शाफ्ट पूर्वी जवळजवळ पाच वेळा फिरे. काम देण्यापूर्वी मीच मोजले होते. आता तो चारच्या किंचित पुढे थांबला.

मी रेघेकडे बोट दाखवले.

“तुमची खूण दिसली की पहिल्याच दिवशी,” तो बोट पुसत म्हणाला. “म्हणून काढलेला बोल्ट परत हितंच लावला, रेघ जुळंपर्यंत आवळला. दुसऱ्याची खूण आपण मोडत न्हाय.”

मोडनिंबपर्यंत इंजिन किंचाळले नाही. तिथे उतरून मी ती रेघ चाकूने खरवडून काढली.