शिवडा गेला, हात राहिला

मंडळी, आज पहाटेचीच गोष्ट हाय. हाताला फडकं बांधून सायबर कॅफेत एका हातानं टाइप करतोय, चुका पोटात घाला.

रात्री मासेमारी करणाऱ्या दगडूमामांच्या होडीतून घोड धरणावर शिवडा मासा धरायला गेलो होतो. मामा हळूहळू वल्हवत होते आन् गळाचा तंगूस, म्हंजी नायलॉनची बारीक दोरी, मागं पाण्यात सोडून मी धरून बसलो होतो. सणसवाडीच्या कंपनीत पॅकिंगची पट्टी हाताला गुंडाळून ओढायची सवय. तसेच तंगुसाचे तीन वेढे तळहाताला मारले.

पहाटे शिवडा लागला. त्यानं मला पार होडीच्या काठापर्यंत ओढलं. तंगूस हातात रुतला, वेढे सुटेनात.

मामांनी वल्हं टाकलं आन् सुरीनं तंगूस कापला. आठवडाभरात त्यांना लागलेला तो पहिला मोठा मासा होता.

मी म्हणालो, "मामा, माझ्यापायी मासा गेला तुमचा."

"तंगूस नुसता बोटांत धरायचा, गुंडाळायचा न्हाई. तुला सांगायचं मीच इसरलो," मामा म्हणाले आन् परत वल्हवायला लागले.

आमच्या कंपनीत चूक कुणाची हे ठरवायला मीटिंग बसते.

तुमची चूक अशी कुणी गपचूप स्वतःवर घेतलीय का?