होका मावशींचा ‘का’

तोंडावर सगळे त्यांना मावशी म्हणत आणि पाठ वळली की होका मावशी. मावशींना हे ठाऊक नव्हतं असं समजू नका. ज्या बाईला बंद दारामागचा खटका ऐकू येतो, तिला गल्लीतली कुजबुज ऐकू येणार नाही होय?

धंदा कुलपाकिल्ल्यांचा. नवरा गेल्यावर लोक म्हणाले, आता दुकान विका. मावशी म्हणाल्या, “हो का?” आणि दुसऱ्या दिवशी कानस घेऊन बसल्या. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. भिंतभर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या, टेबलावर पितळेचा चुरा आणि हाताशी फोन. तो फोन म्हणजेच धंदा, कारण वारा येतो, दार धाडकन लागतं, किल्ली आत आणि माणूस बाहेर, मग तो बिचारा शेजाऱ्याकडून मावशींना फोन लावतो.

“मावशी, मी बाहेर अडकलोय हो!”

“हो का?”

“गॅसवर दूध आहे!”

“हो का? निघालेच.”

हे ‘हो का’ म्हणजे त्यांचं ऐकणं. समोरचा काहीही सांगू दे, बदली झाली, दात पडला, मुलगी पास झाली, मावशींचं उत्तर ठरलेलं. त्यात होकारही नाही आणि शंकाही नाही. नुसतं, सांग बाबा, मी ऐकतेय.

आणि इथेच घात झाला.

फोनचं बिल मुलगा भरायचा. तो विमा कंपनीत कारकून, घरातही कारकूनच. एकदा बिल बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. तळाशी एक नवीच ओळ होती, ‘अन्य सेवा’, आणि तिच्यापुढचा आकडा अख्ख्या बिलाएवढा. त्याने फोन कंपनीला विचारलं. ते म्हणाले, आम्ही नुसती वसुली करतो, सेवा दुसऱ्यांची. दुसऱ्यांना विचारलं, तर ते म्हणाले, तुमच्या आईंनीच घेतलीय, रोज सकाळी फोनवर गाणं आणि सुविचार. पुरावा हवाय? ऐका. आणि त्यांनी टेप लावली.

“आजपासून सेवा सुरू करतोय, ताई.”

“हो.”

आवाज आईचाच होता. मुलगा तडक दुकानात आला.

“आई, तू हो म्हणालीस.”

“मी नाही म्हणाले.”

“मी माझ्या कानांनी ऐकलं.”

“मग तुझे कान तपासून घे.”

तो भांडला असता तर मावशींना बरं वाटलं असतं. भांडणात त्या कुणाला हार जाणाऱ्यातल्या नव्हत्या. पण तो हळू आवाजात बोलायला लागला, लहान मुलाशी बोलावं तसा. “आई, वय होतं गं माणसाचं. विसरायला होतं. तुझ्याकडे लोकांच्या घराच्या किल्ल्या असतात. उद्या ह्याची किल्ली त्याला दिलीस, तर? या महिन्याअखेर दुकान बंद करू या.”

मावशींनी हातातली कानस खाली ठेवली. पैसे गेले चुलीत, पण पोटचा पोरगा आपल्याला भ्रमिष्ट समजतो? बरं, आवाज आपला आहे हेही खोटं नाही. मग खरंच म्हणालो की काय आपण? त्या दिवसापासून त्या केलेली किल्ली पुन्हा पुन्हा तपासायला लागल्या. रडू येत होतं, पण गिऱ्हाईक समोर होतं.

सून चहा घेऊन आली. ही सून म्हणजे तिखट जिभेची, पण सासूवर जीव.

“आई, मला सकाळपासून सर्दी झालीय.”

“हो का?”

सून तिथेच थांबली. “पुन्हा म्हणा.”

“काय म्हणू? सर्दी तुला झालीय.”

“आई, लग्नाच्या वेळी माझे बाबा तुम्हाला म्हणाले, आमची मुलगी जरा तोंडाळ आहे. तेव्हा तुम्ही काय म्हणालात?”

“हो का, म्हणाले.”

“आणि तुम्हाला एखादी गोष्ट पटली, की काय म्हणता?”

“चालेल म्हणते.”

“मग झालं तर! इतक्या वर्षांत तुमच्या तोंडून मी नुसतं ‘हो’ ऐकलेलंच नाही. ह्या मेल्यांच्या टेपेत ते आलं कुठून?”

मावशींनी कप खाली ठेवला. “अगं बाई! माझा ‘का’ चोरला की गं त्यांनी!”

सुनेने ग्राहकांच्या तक्रार कार्यालयात अर्ज टाकला आणि सुनावणी लागली. मुलगाही आला, अर्ध्या दिवसाची रजा टाकून. एकदा आईची खात्री पटू दे, म्हणजे दुकानाचा विषय मिटेल, असा त्याचा हिशेब. गाणं-सुविचारवाल्या कंपनीचा माणूस नव्या कोटात ऐटीत बसला होता. अधिकारीबाईंनी चष्मा केसांवर सरकवला आणि टेप लावायला सांगितली.

“हो.”

“ऐकलंत?” कोटवाला म्हणाला.

“ऐकलं,” मावशी म्हणाल्या. “पुढचा ‘का’ कुठाय?”

“कसला का?”

सुनेने सगळं सांगितलं. कोटवाला हसला. “मॅडम, आता एका अक्षरावरून खटला चालवायचा का?”

अधिकारीबाई त्याच्याकडे बघत म्हणाल्या, “अख्खी टेप आहे तुमच्याकडे?”

“आहे की! अख्खी ऐका. आमचं काही लपवाछपवीचं काम नाही.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्याने स्वतः ती कधी ऐकलीच नव्हती. ऑफिसातून मागवली आणि मोठ्या ऐटीत लावली.

“ताई, तुमच्यासाठी खास सेवा आहे.”

“हो का?”

“रोज सकाळी फोनवर गाणं आणि सुविचार.”

“हो का?”

“आजपासून सेवा सुरू करतोय, ताई.”

“हो का? नको रे बाबा! सकाळी कुणी दाराबाहेर अडकलं आणि माझ्या फोनवर गाणं वाजत बसलं, तर? आणि तुझा घसा बसलाय बघ. कोमट पाण्याने गुळण्या कर.”

खोलीत हशा पिकला. दाराशी उभा असलेला शिपाईसुद्धा खो खो हसला. कोटवाल्याने घाईघाईने टेप बंद केली.

अधिकारीबाई मात्र हसत नव्हत्या. “लोक ‘ध’ चा ‘मा’ करतात हे ऐकलं होतं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही तर ‘का’ गिळलात आणि वर ‘नको’ही पचवलंत. आणि अशी किती बिलं पाठवलीत?”

कोटवाला कागद चाळायला लागला. मग निकाल आला. मावशींचे पैसे परत. अशा तोडलेल्या टेपांवर ज्यांच्या ज्यांच्याकडून वसुली केली, त्या सगळ्यांचेही परत. आणि फोन कंपनीलाही तंबी, की ग्राहकाला स्वतः विचारल्याशिवाय दुसऱ्या कुणाचा आकडा बिलात घालायचा नाही. बाकावर आपापल्या तक्रारी घेऊन बसलेली माणसं उठून मावशींभोवती जमली. एका म्हाताऱ्याने तर त्यांचा हातच हातात घेतला. त्याच्या घरीही म्हणे पोरांनी हेच ठरवलं होतं, की बाबांना आता काही आठवत नाही.

“त्यांना म्हणावं, अख्खी टेप ऐका,” मावशी त्याला म्हणाल्या. त्यांचा चेहरा असा फुलला होता, की सून बघतच राहिली.

मुलगा जिन्यात मागे रेंगाळला होता. खालच्या पायरीवर त्याने आईला गाठलं. मान वर होत नव्हती.

“आई, माझं चुकलं. तुझं डोकं ठिकाणावर आहे. माझंच नव्हतं. दुकान बंद करायचा विषय मी पुन्हा कधी काढणार नाही.”

मावशींनी पर्स काखेत मारली, मान ताठ केली आणि म्हणाल्या, “हो.”

सून ‘का’ची वाट बघत पायरीवर थांबली. तो काही आला नाही. मावशी केव्हाच रस्त्याला लागल्या होत्या. दुकान उघडायचं होतं.