जबाबातला ‘ला’

नोकरीत जबाब ढिगाने लिहून घेतले, पण २०१८ सालचा एक मात्र अजून मनातून जात नाही. तेव्हा मी डहाणू-तलासरी भागात फौजदार होतो. मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा मोबाईलवर फिरत होत्या आणि अनोळखी माणूस दिसला की लोक हात उचलायचे.

बाजारातल्या एका भाजीवालीने ठाण्यात येऊन खबर दिली. “चिकूच्या टेम्पोचा ड्रायवर चालत्या गाडीतून बायापोरींचे फोटो काढतो, साहेब. लोकांनी धरला तर जीव जाईल त्याचा.” बाई शहाणी. आधी आमच्याकडे आली, बाजारात बोलली नाही.

नाकाबंदीत टेम्पो अडवला. पन्नाशीचा माणूस, नरपड गावच्या बागांतून चिकू भरून रोज तलासरीकडे जाणारा. खिडकीच्या चौकटीला रबराने मोबाईल बांधलेला. त्यात शेकडो फोटो. नाक्यावर उभ्या असलेल्या, डोक्यावर भारा घेऊन चालणाऱ्या तरुण बायका. निम्मे फोटो हललेले. माझं डोकं फिरलं. मी त्याला नको नको ते बोललो, ते लपवत नाही. तो मान खाली घालून एकच वाक्य पुटपुटत राहिला आणि हवालदाराने लिहिलं, ‘मी पोरी बघतो.’

“कबूलच केलं की, साहेब. घ्या अंगठा,” हवालदार म्हणाला. पण जबाब वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घ्यायचा नाही, हा माझा हट्ट. मी वाचला. त्या ओळीवर त्याने पहिल्यांदा मान वर केली.

“पोरी नाय, साहेब. पोरीला. माझ्या पोरीला बघतो.”

तिच्या लग्नावरून भांडण झालं, याने तिच्या थोबाडीत मारली आणि मुलगी घर सोडून गेली. त्याला सहा वर्षं झाली होती. मध्यंतरी कुणीतरी तिला याच रस्त्यावर पाहिल्याचं सांगितलं होतं. “गाडी चालवू का तोंडं बघू? म्हणून फोटो काढतो. घरी बायको एकेक बघते. ही नाय, ही पण नाय, म्हणते.”

“मग तक्रार का दिली नाहीस?”

“लेकीवर तक्रार कशी करायची, साहेब? चूक तर माझी.”

त्याला वाटत होतं, तक्रार दिली की पोलीस मुलीलाच धरणार.

बायकोला बोलावून खात्री केली. परक्या बायकांचे फोटो असे काढायचे नाहीत, अशी समज देऊन ते पुसायला लावले. हरवल्याची नोंद मी स्वतः लिहायला घेतली. नाव, वय, हातावरचं गोंदण. मग मुलीचा फोटो मागितला.

“शाळेत गेली नाय, आधार कार्ड बनवलं नाय,” बायको म्हणाली. “तिचा फोटो कधी काढलाच नाय.”

माणसाचं बोलणं शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकावं, हे मी त्या दिवशी शिकलो. मुलगी मी निवृत्त होईपर्यंत सापडली नाही. त्याची फार रुखरुख वाटते. आजही रिक्षातून जाताना त्या वयाची बाई दिसली की मी वळून बघतो. समोरून गेली तरी मला ती ओळखू येणार नाही, हे ठाऊक असूनही बघतो.