सुमेधच्या दुसऱ्या अल्बमची खोली

वेळेवर झालेल्या कामाच्या गोष्टी कोणी सांगत नाही. रखडलेल्या कामाच्या मात्र साठत जातात. सुमेधचा दुसरा अल्बम पाच वर्षं रखडला. त्यातली निदान दोन वर्षं माझ्यामुळे गेली असावीत. बाकीचे नाही म्हणतात. मला खात्री नाही.

सुमेध रॅपर आहे. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचो, त्याची बॅच माझी शेवटची. पहिल्या अल्बमनंतर ठाण्यापासून कल्याणपर्यंतची पोरं त्याला ओळखू लागली. दुसरा अल्बम आमच्या कोपरीच्या घरात रेकॉर्ड झाला. त्याला कारण आल्विन.

*

आल्विन हा त्याचा साउंडवाला. पहिल्यांदा आला तेव्हा चपला काढून थेट माझ्या पुस्तकांच्या खोलीत गेला, मधोमध उभा राहिला आणि एकच जोरदार टाळी वाजवली. मग कान देऊन तसाच उभा.

"सर, रूम एकदम डेड आहे."

मी माफी मागितली.

"अहो सर, चांगलंय. लोक यासाठी भिंतींना फोम लावतात. तुमची पुस्तकं सगळा आवाज पिऊन टाकतात."

चाळीस वर्षं जमवलेल्या पुस्तकांचा इतका स्पष्ट उपयोग मला कोणी कधी सांगितला नव्हता.

*

रेकॉर्डिंग दुपारी चालायचं. तेवढा वेळ पंखा बंद, फोन बंद, कुकर बंद. एकदा सुमेधनं एकच कडवं अकरा वेळा घेतलं. बाराव्या वेळी माझ्या पत्नीनं, नलिनीनं, दार उघडलं.

"सुमेध, माझी डाळ अर्धी शिजून थांबलीय. तुझं काय?"

"माझंही अर्धंच, काकू."

*

सुमेधच्या आई, शांताताई, कधीमधी घरी यायच्या, पण रेकॉर्डिंगच्या वेळी नाही. सुमेधची तशी सक्त ताकीद होती. त्या नलिनीला सांगायच्या, "आधी विहारात बायका विचारायच्या, पोराचं लग्न कधी? आता विचारतात, अल्बम कधी? मी सांगते, बहुतेक लग्नच आधी होईल."

*

आता माझ्याबद्दल.

प्रत्येक गाणं झालं की सुमेध विचारायचा, "सर, कसंय?" आणि मी म्हणायचो, "छान आहे, पण..." ही माझी जुनी खोड आहे. माझ्या प्रबंधाचं पुस्तक झालं, त्यानंतरचं दुसरं पुस्तक याच खोडीपायी हस्तलिखितातच राहिलं.

एके दिवशी त्यानं वडिलांवरचं गाणं आणलं. त्याचे वडील डोंबिवलीला रंगाच्या कारखान्यात होते. सुमेध शाळेत असताना एकदा सकाळच्या पाळीला निघाले आणि वाटेतच कोसळले. संध्याकाळी कोणीतरी त्यांचा डबा घरी आणून दिला. गाण्यातली ओळ होती, 'डबा परत आला, दोन चपात्या तशाच.'

मी म्हणालो, "छान आहे, पण 'तशाच' जरा मोघम वाटतं."

त्यानं कागदाची घडी केली, खिशात घातली आणि चार महिने आला नाही.

नलिनी एवढंच म्हणाली, "स्वतःचं पुस्तक अडवलंत ते अडवलंत."

शेवटी मी आल्विनला फोन केला. तो म्हणाला, "सर, तुमचं काही नाही. आईनं ते ऐकलं तर काय होईल, त्यावर अडकलाय तो." हे खरं होतं की माझी समजूत काढणं होतं, मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

*

त्या चार महिन्यांत मी आणखी एक चूक केली. या वयात आवरतं घ्यावं म्हणून दोन कपाटं भरून पुस्तकं कल्याणच्या एका वाचनालयाला देऊन टाकली.

सुमेध परत आला. आल्विननं सवयीनं टाळी वाजवली आणि त्याचा चेहरा पडला. टाळी भिंतीवरून परत आली होती.

"सर, रूम बदलली. नऊ गाणी त्या रूमची आहेत. शेवटचं हे वेगळंच वाजणार."

दुसऱ्या दिवशी मी कल्याणला गेलो. ग्रंथपाल बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"दान दिलेलं परत कसं देणार, सर? सभासद व्हा. एका वेळी दोन पुस्तकं मिळतील."

मी सभासद झालो. दोन पुस्तकं घेऊन घरी आलो. आल्विननं ती हातात घेतली आणि रिकाम्या कपाटात नीट उभी करून ठेवली.

*

मग तोच म्हणाला, "पुस्तकं नाहीत तर माणसं बसवू. माणसंही आवाज पितात."

रविवारी दुपारी रिकाम्या कपाटांपुढे शेजारपाजारचे नऊ-दहा जण चटईवर बसले. सुमेध माइकपाशी गेला आणि त्याला भिंतीकडेला आई दिसली.

"आई, तू आज नको."

"मी बोलावलंय त्यांना," नलिनी म्हणाली.

"पुस्तकाच्या जागी बसायचंय म्हणे," शांताताई म्हणाल्या. "बसते की. मी काय पुस्तकापेक्षा बारीक आहे?"

कोणी हसलं नाही. आल्विननं सगळ्यांना बजावलं, गाणं संपलं तरी मी हात वर करेपर्यंत कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही.

सुमेधनं डोळे मिटून गाणं एका दमात म्हटलं. ओळ तीच होती. 'तशाच' तिथेच होतं. गाणं संपलं. खोलीत कोणाच्या श्वासाचाही आवाज नव्हता. आल्विनचा हात अजून खाली होता.

"दोन नाही रे," शांताताई म्हणाल्या. "तीन होत्या. मीच बांधलेल्या."

आल्विननं रेकॉर्डिंग बंद करायला बोट पुढे नेलं. सुमेधनं 'नको' अशी मान हलवली. मग सवयीनं माझ्याकडे बघितलं.

"सर, कसंय?"

दारातून नलिनी माझ्याकडेच बघत होती.

"छान आहे," मी म्हणालो.

पुढच्या महिन्यात अल्बम आला. शेवटच्या गाण्यात चपात्या अजून दोनच आहेत. गाणं संपल्यावर थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही, आणि मग सुमेधच्या आईचा आवाज येतो.