बिघडवलेलं पिठलं

कल्याण स्टेशनात मी तारमास्तर होतो, तेव्हा जवळच्या एका खानावळीत जेवायला जात असे. शहाडचा एक गृहस्थ रोज शेजारच्या पाटावर असायचा. दारात कोणी आलं की तो आधी आपल्या पानातलं पिठलं पंज्याने झाकायचा.

एकदा मी न राहवून विचारलं, "अहो, झाकता कशाला?"

"हे आमच्या घराण्याचं पाप आहे," तो म्हणाला. "पणजोबांकडे पाहुणे आले, ते हलेनातच. जा म्हणायची सोय नाही. म्हणून पणजोबांनी आमटी बंद करून, उकळत्या पाण्यात नुसतं डाळीचं पीठ ढवळून वाढायला लावलं. पाहुण्यांनी बोटं चाटली. आजोबांनी चिडून त्यात लसूण-मिरच्या ठेचून घातल्या, तर पाहुण्यांनी बायकापोरं बोलावून घेतली. वडिलांनी मुद्दाम करपवलं. आता खरवडीवरून त्यांच्यात भांडणं होतात."

"म्हणजे ते अजून आहेत?"

"त्यांची पतवंडं आहेत. माणसं सालस हो." त्याने दाराकडे पाहिलं. "काल मलाच विचारत होती, आपला मुक्काम अजून किती दिवस?"

त्याला धीर द्यावा असं फार वाटलं. पण माझं पान रिकामं झालं होतं. मी वाढणाऱ्या बाईंना म्हणालो, "थोडं पिठलं आणा हो. खरवड असली तर तीही."

तो अर्ध्या जेवणावरून उठला आणि माझ्यापुढे वाकून म्हणाला, "सावकाश होऊ द्या."