तिसऱ्या रविवारची सूचना

केझियाने बत्तीस वर्षं आमच्या देवळातल्या प्रभुभोजनाच्या टेबलावरचं कापड धुतलं, कोळशाच्या इस्त्रीने कडक केलं, अंथरलं आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. भाकर आणि प्याला तिच्यासाठी नव्हता. ती एरिसाची दुसरी बायको. पहिलीशी, जेनिवाशी, त्याचं लग्न देवळात लागलेलं. हिला त्याने रिवाजाप्रमाणे तिच्या बापाला गाई देऊन घरी आणलं, देवळात लग्न न लावता. अशा जोडप्याला प्रभुभोजन नाही, हा आमच्या बिशपांच्या हद्दीतला नियम. पाळकसाहेब अकरा देवळं सांभाळतात, तीन महिन्यांतून एकदा डोंगर चढून येतात. बाकीचे रविवार उपासना मी घेतो, म्हणून लोक मला मास्तर म्हणतात.

"नवरा सोड, मग ये," असं आधीच्या एका पाळकाने तिला सांगितलं होतं. ती म्हणाली, "आणि सहा लेकरं कुणाच्या दारात टाकू? तुमच्या?" तोंडाची फटकळच ती. पण बाकीचे पुढे जाऊन गुडघे टेकायचे तेव्हा तिचा चेहरा मला बघवायचा नाही. खाली मान घालून ती काहीतरी पुटपुटत असायची.

जेनिवा अंथरुणाला खिळली तेव्हा तिला शेवटपर्यंत नाचणीची पेज पाजली ती केझियानेच. जेनिवा गेली, वर्ष सरलं, तेव्हा ही माझ्याकडे आली. "मास्तर, आता तरी आमच्या लग्नाचं बघ."

सत्तरी ओलांडलेला एरिसा काठी टेकत मागे उभा होता. "या वयात अंगठी? बोटं बघ माझी, केळी झालीत नुसती!"

"बोटांचं मी बघते. तुम्ही फक्त उभे राहा."

"अगं, उभं राहणंच तर जमत नाही!"

देवळात लग्न म्हणजे आधी तीन रविवार मंडळीपुढे सूचना वाचायची, कुणाची हरकत असेल तर बोला म्हणून. पहिल्या रविवारी वाचली. दुसऱ्या रविवारी वाचली, तेव्हा नगारा वाजवणारा म्हातारा ओरडला, "माझी हरकत आहे, मला अजून जेवणाचं आवतण नाही!" सगळं देऊळ हसलं. केझिया तर तोंडावर हात धरून हसत होती.

तिसऱ्या रविवारी बिशप आले. झालं! खुर्च्या मागून आणा, फुलं बांधा, जेवणासाठी आणलेला बोकड दावं तोडून पळाला त्याच्यामागे धावा. मी सूचना वाचायची विसरलो. खिशात कागद होता, आणि विसरलो.

त्याच आठवड्यात पाळकसाहेब लग्न लावायला आले. केझिया नवं निळं वस्त्र नेसून दारात उभी. त्यांनी विचारलं, "तिन्ही वेळा वाचलीस ना?" खोटं बोललो असतो तर काय आभाळ कोसळणार होतं? पण खरं सांगितलं.

"मग आज नाही. नियम म्हणजे नियम. पुढच्या फेरीला."

केझिया माझ्याकडे बघत राहिली. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने एरिसाचा हात धरला आणि त्याला हळूहळू घरी घेऊन गेली.

सात आठवड्यांनी एरिसाच्या छातीत कफ दाटला आणि चौथ्या दिवशी तो गेला. केळीच्या बागेत जेनिवाशेजारी त्याला पुरलं. पाळकसाहेब मातीला आले होते. मायेनेच म्हणाले, "केझिया आता विधवा आहे. कसलीच आडकाठी राहिली नाही. पुढच्या प्रभुभोजनाला तिने यावं." मंडळी म्हणाली, आमेन. मीही म्हणालो, देव मला क्षमा करो.

तो रविवार आला. पाळकसाहेबांनी भाकर दिली, मागोमाग मी प्याला दिला. सगळे उठून आले. केझिया बसून होती. पाळकसाहेबांनी तिला नावाने हाक मारली, तरी उठली नाही. मग मी प्याला घेऊनच तिच्या बाकापाशी गेलो.

"ताई, चल. चूक माझी होती. मला काय हवं ते बोल, पण चल."

"तुझी नाही रे मास्तर," ती म्हणाली. "बत्तीस वर्षं मी या बाकावर बसून एकच मागितलं. देवा, माझ्या वाटेतली आडकाठी काढ. ती आडकाठी म्हणजे माझीच दोन माणसं होती, हे मला कळलंच नाही."

मी प्याला तिच्यापुढे केला.

"जा," ती म्हणाली, "पाळकसाहेब खोळंबलेत."