लंडनची तेरवी

पुण्यात एका प्रकाशकाकडे अठरा वर्षं दुसऱ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारल्यावर मी गोंदियाजवळ मुर्रीला वडिलांच्या घरी परत आले आणि फाटकावर पाटी लावली : ‘साहित्यिक एजंट’. गोंदियात एजंट म्हणजे विम्याचा, नाहीतर प्लॉटचा. पहिल्याच आठवड्यात एका गृहस्थांनी विचारलं, “मॅडम, पुराने ट्रॅक्टर का भी इन्शुरन्स होता है क्या?” लेखकाचं लिखाण योग्य प्रकाशकापर्यंत पोचवणं हे माझं काम, असं मी त्यांना नीट समजावलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, “मतलब ट्रॅक्टर का नहीं होता,” आणि गेले.

मग मी मोबाईलवर एक निवेदन लिहून ओळखीच्या सगळ्यांना पाठवलं. मला कसली हस्तलिखितं हवीत ते त्यात स्पष्ट होतं. ज्या कामात लेखकाचे स्वतःचे हात मळलेत त्या कामाबद्दलची पुस्तकं हवीत. आपल्या भागातली, आपल्या बोलीतली माणसं हवीत. चारोळ्या नकोत, सुविचार नकोत, आणि लेखकानं कधी न पाहिलेल्या देशातल्या गोष्टी तर मुळीच नकोत.

चारच दिवसांनी नवेगाव बांधहून एक काका आले. साठीचे, धिप्पाड, लग्नाकार्यात स्वयंपाक करणारे आचारी. त्यांनी पिशवीतून सहा जाड वह्या काढून माझ्यासमोर ठेवल्या. वह्यांना हळदीचा वास होता.

“कादंबरी हाये,” ते म्हणाले. “लंडनमधी खून होते.”

“काका, माझं निवेदन वाचलंत ना?”

“वाचलो ना जी. म्हनूनच आलो.”

“तुम्ही लंडन पाहिलंय?”

“तुमी पाह्यलं?”

मी नव्हतं पाहिलं. वह्या ठेवून घ्याव्या लागल्या.

कादंबरीत एक लॉर्ड त्याच्या हवेलीत मरून पडतो आणि एक जासूस तपासाला येतो. पहिल्या पानावर लंडनमध्ये धो धो बर्फ पडतो आहे आणि जासूस ओव्हरकोट घालून मोहाच्या झाडाखाली उभा आहे. लॉर्डची विधवा त्याला आधी पाणी देते, मग बसायला सतरंजी टाकते, मग रडते. तीन वह्या मी कपाळाला हात लावून वाचल्या. चौथ्या वहीत लॉर्डची तेरवी, म्हणजे तेराव्याचं जेवण, आली आणि मी सरळ होऊन बसले.

तेरवीला जेवायला पाचशे पान. आचारी अर्जुनी मोरगावकडचा, तो लंडनला कसा पोचला याचा कुठेही खुलासा नाही. आलू-वांग्याची भाजी किती, तेल कधी सोडायचं, पहिल्या पंगतीला रुसणारा जावई कसा ओळखायचा, सगळं होतं. जासूस नुसता बसून जेवतो. खुनी कोण हे आचाऱ्याला कळतं, पंगतीत कोण काय खातं आणि कोण काय टाळतं ते पाहून. हा भाग मी दोनदा वाचला आणि दुसऱ्यांदा मोठ्यानं हसले.

मी काकांना फोन केला. म्हटलं, लंडन काढा, हवेली काढा, गोष्ट नवेगाव बांधला आणा.

“नाई जमत,” ते म्हणाले. “आमच्या गावात खून झाला त कोनं केला हे सकाळीच साऱ्याइले मालूम राह्यते. मंग जासूस कायले लागते?”

तरी मी हट्ट सोडला नाही. पुढच्या रविवारी एसटीनं अर्जुनी मोरगावला गेले. तिथं एका लग्नात त्यांचं काम होतं. त्यांनी मला मांडवामागे खुर्ची दिली आणि समोर वांग्यांचं टोपलं सरकवलं. मी वांगी चिरत चिरत त्यांना वास्तववाद समजावत होते. तेवढ्यात नवरदेवाचे मामा तरातरा आले. त्यांना बुंदीत लाल दाणे कमी वाटत होते. काकांनी त्यांच्या हातात झारा दिला आणि म्हणाले, “घ्या, तुमीच पाडा.” मामा निमूट परत गेले.

“काका, हेच लिहा ना,” मी म्हटलं.

“हे कायले लिहू? हे त होऊनच राह्यलं.”

मी उरलेली वांगी चिरली आणि घरी आले. वह्या जशाच्या तशा टाईप करून पुण्याच्या एका संपादक मैत्रिणीला पाठवल्या. मनात लाज होती. आठ दिवसांनी तिचा फोन आला. ती हसत होती, तिला नीट बोलता येत नव्हतं. “छापायचंय आम्हाला,” ती म्हणाली. “फक्त एक सांग, त्यांनी हे मुद्दाम केलंय का?”

हा प्रश्न काकांना कसा विचारायचा याचा मी दोन दिवस विचार केला. शेवटी फोन करून सरळ सांगून टाकलं की पुण्याच्या बाई खूप हसल्या.

“मानूस मेला अन् त्याइले हासू आलं?”

गेलं पुस्तक, मला वाटलं.

“कोनत्या पानावर हासल्या?” त्यांनी विचारलं.

“तेरवीच्या.”

“हां. मंग ठीक हाये. तेरवीत कोन रडते जी? आमी त स्वयंपाक करता करता पाह्यतो ना.”

त्यांनी एकच अट घातली, लंडन राहील. मैत्रिणीला मोहाचं झाड काढायचं होतं. तेही राहिलं.

पुस्तक आलं. प्रकाशन वेगळं करायला काकांना सवड नव्हती, म्हणून ते आमच्या गोंदियातल्याच एका लग्नात उरकलं. नवरीच्या वडिलांना वाटलं, एवढा मोठा लेखक आपल्या घरी कढी करतोय तर मिरवून घ्यावं. मंगलाष्टकांनंतर माईक काकांच्या हातात आला. त्यांनी पुसून हात कोरडे केले, चष्मा लावला आणि खुनी सापडतो तेच पान वाचलं. धाकट्या भावानं लॉर्डला कढीतूनच जहर दिलेलं असतं, म्हणून तेरवीत तो एकटाच कढी घेत नाही. काकांनी फार रंगवून वाचलं. वऱ्हाडानं टाळ्याही वाजवल्या.

मग पंगत बसली. वाढपी कढीची बादली घेऊन निघाला आणि पहिल्या माणसानं वाटीवर हात ठेवला. दुसऱ्यानं ठेवला. अख्ख्या ओळीनं ठेवला. नवरीचे वडील मांडवाच्या टोकाशी उभे होते, त्यांचा चेहरा पाहवत नव्हता.

काका माझ्याजवळ आले. “मॅडम, लेखकाचं काम तुमीच पाह्यता ना?”

“हो.”

“मंग बसा अन् प्या.”

मी मधल्या ओळीत बसले. एक वाटी प्याले, दुसरी प्याले. सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. माझ्या शेजारच्या आजीबाईंनी माझं मनगट धरून नाडी पाहिली, थोडा वेळ मोजली आणि ओळीला म्हणाल्या, “जित्ती हाये. वाढा.”